जवळ काय सापडेल

“मॅडम, तुमची म्हातारी पहिल्या दहात आली की!”

ऑफिसचा मॅनेजर अमरेश केबिनमधून ओरडतच बाहेर आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. “चाळीस हजार माणसं हायत लायब्ररीत, आणि पहिल्या दहात आपल्या सोलापूरची एक. घ्या, तोंड गोड करा.”

रुद्राणीने पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. सात रस्ता चौकातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात तिची तीन वर्षं गेली होती. तिच्या नावाने पेढे पहिल्यांदाच वाटले जात होते. कोणती म्हातारी, हे मात्र तिला विचारावं लागलं नाही.

कामच तसं अजब होतं. तिकडे परदेशात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात आणि कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक होऊन एका गोष्टीतून प्रवास करतात. त्यांच्यातला एक जण गोष्ट चालवतो. वाटेत लागणारी गावं, खाणावळी, माणसं, त्यांची गुपितं, सगळं त्याने आधी रचून ठेवायचं असतं. एवढा वेळ ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी एका कंपनीने सॉफ्टवेअर काढलं होतं. लोहार हवाय? बटण दाबा, पन्नास लोहार हजर. आणि यातले बरेचसे लोहार, नावाडी, भिकारी, विधवा सोलापुरात बसून सात जण लिहीत होते, याचा त्या खेळणाऱ्यांना पत्ताही नव्हता.

रुद्राणीने तो खेळ कधी पाहिला नव्हता. चौदा वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतलेल्या बाईला फॉर्म भरायला खेळ कशाला यावा लागतो? रोज पंधरा माणसं. नाव, वय, धंदा, तोंडचं पहिलं वाक्य, काय हवं आहे, कशाची भीती आहे, आणि सगळ्यात शेवटचा रकाना, जवळ काय सापडेल.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पंधरापैकी एक माणूस कमी पडत होतं. डोकं चालत नव्हतं. आई जाऊन तीनच आठवडे झाले होते. रुद्राणीने आईलाच लिहून टाकलं.

सावित्रम्मा अक्कलकोटकडची. सोलापुरात उभा जन्म काढला, पण मराठी तिला शेवटपर्यंत धड वश झाली नाही. दारात कुणीही येवो, मीटर बघणारा, भंगारवाला, पत्ता चुकलेला, तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, तेही कानडीत, “ऊटा आत?” जेवण झालं का? समोरचा काय म्हणतो याच्याशी तिला देणंघेणं नसे. भाकरी बाहेर यायचीच. असाच एक जण पोटभर जेवून गेला आणि चार दिवसांनी, घराला कुलूप असताना, येऊन अख्खी लोखंडी पेटी घेऊन गेला. पेटीत सावित्रम्माचं लग्नातलं लुगडं होतं, रुद्राणीच्या वडिलांचं घड्याळ होतं. किल्ली तेवढी आईच्या कमरेला राहिली.

“घाल, अजून खायला घाल!” रुद्राणी त्या दिवशी ताडताड बोलली होती.

“उपाशी हुता गं त्यो. खाताना बघितलंय की मी.”

“आणि ती किल्ली कशाला मिरवतीस आता?”

“पेटी घावली तर? चांगलं कुलूप फोडाया लागंल.”

हसावं की रडावं तेच कळेना. रुद्राणीने दुसऱ्या दिवशी दाराला वर, आईचा हात पोचणार नाही अशी कडी बसवून घेतली. आईने एका शब्दाने वाद घातला नाही. पुढची सहा वर्षं ती बंद दाराच्या आत बसून राहिली. बाहेर पावलं वाजली की आतूनच म्हणायची, “ऊटा आत?” पावलं पुढे निघून जायची. गेली तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या आयाने कमरेचा दोरा कापून किल्ली कागदात गुंडाळून दिली. ती रुद्राणीच्या पर्समध्ये तशीच होती. त्या कडीबद्दल रुद्राणीने स्वतःला कधी माफ केलं नाही.

म्हणून फॉर्ममध्ये तिने आईचं दार सताड उघडलं. ‘गावाच्या टोकाला एकटी राहते. दार कधी लावत नाही. पहिलं वाक्य: जेवलात का? भीती: कशाचीच नाही.’ आणि शेवटच्या रकान्यात, जसं होतं तसं: ‘कमरेला एका पेटीची किल्ली. पेटी हरवली आहे. कुठे आहे ते तिला ठाऊक नाही.’

“बघा तरी,” अमरेशने स्क्रीन तिच्याकडे वळवली. लिहिणाऱ्यांना हे आकडे सहसा दाखवत नसत. “तीन हजार एकशे बारा खेळांत घेतलीय. जिवंत राहिली, एकशे चौसष्ट.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाकीच्यांत मारली.” त्याने क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं सांगितलं. “खाली लोकांची मतं हायत, वाचा. असल्या दहा म्हाताऱ्या लिहून द्या मॅडम, पुढच्या महिन्यात.”

तो गेला. रुद्राणी वाचू लागली.

‘पाच तारे. आमच्या लोकांनी तिची बोटं एकेक करून तोडली, तरी पेटीचा पत्ता सांगेना. शेवटी कळलं, तिला खरंच ठाऊक नव्हतं. प्रसंग काय रंगला!’

‘पाच तारे. आधी जेवलो, मग मारलं.’

‘पाच तारे. घर जाळलं तरी तोंडात एकच, जेवलात का. हसून हसून पोट दुखलं.’

चौथं मत तिला वाचवेना. पेढा हातात चिकट झाला होता, तो तिने फॉर्मच्या रद्दी कागदावर ठेवून दिला.

शेजारच्या टेबलावरची इफ्रा चोवीस वर्षांची. सगळ्या ऑफिसात हा खेळ खरोखर खेळणारी ती एकटीच. रविवारी भावांना घेऊन बसायची.

“असं का करतात गं?” रुद्राणीने विचारलं. “काय बिघडवलं माझ्या आईनं त्यांचं?”

“किल्ली, ताई,” इफ्रा हळू आवाजात म्हणाली. “खेळात किल्ली कधी नुसती किल्ली नसते. दिसली की समजायचं, कुठंतरी खजिना हाय. त्यात म्हातारी बोलती, मला माहीत नाही. मग सगळ्यांना वाटतं, लपवायलीय.”

“तू पण घेतलीस का खेळात?”

इफ्राने समोरचा फॉर्म बंद केला.

“एकदाच. तुमची अम्मा हाय ते माहीत नव्हतं, ताई. खुदा की कसम.”

रुद्राणीला रागही येईना. या पोरीने काय चूक केली? आईच्या कमरेला किल्ली बांधून तिला गावाच्या टोकाला, उघड्या दारात, हजारो अनोळखी माणसांपुढे एकटी बसवलं ते कुणी? खरं लिहिलं, हीच तर तिची चूक होती.

ती उठून केबिनमध्ये गेली. “ही म्हातारी पुसून टाकायची हाय.”

“पुसता येत न्हाय मॅडम. लिहिलं की ते कंपनीचं.” अमरेश चकित झाला होता. “बदल करता येतो, तो पण शुक्रवारपर्यंत. मग नवीन आवृत्ती, कुणी हात लावायचा न्हाय. पण कशाला बदलताय? बदललं की आकडे शून्यापासून. नव्वद दिवसांत दहा खेळ झाले न्हाईत तर माणूस आपोआप यादीतून बाहेर. किल्लीवर तर चाललीय ती.”

“आणि किल्ली काढली तर?”

“तर कोण मारणार तिला? पण मग घेणार तरी कोण?”

तीन दिवस रुद्राणीने दुसरं काही धड केलं नाही. किल्ली ठेवली तर आई रोज कुठेतरी मरणार. काढली तर कुणाच्या गावातच नसणार. एकदा तिने ‘दार आतून बंद असते’ असं टाइप केलं. ते एकदा करून झालं होतं. तिने वाक्य खोडलं. एकदा दारात राखणीला कुत्रं बांधलं. तेही सोडून दिलं. सावित्रम्माच्या दारात भुंकणारं कुत्रं म्हणजे खोटंच की!

शुक्रवारी पाचच्या सुमारास तिने फॉर्म शेवटचा उघडला. जेवलात का, तसंच ठेवलं. उघडं दार तसंच ठेवलं. शेवटच्या रकान्यातली किल्ली आणि पेटी काढली आणि तिथे लिहिलं, ‘काही नाही.’ मग बटण दाबलं.

पहिल्या महिन्यात आकडा शून्य राहिला. दुसऱ्याही महिन्यात शून्य. अमरेश दोन दिवस घुश्शात होता, मग विसरून गेला. इफ्रा रोज आल्या आल्या आपल्या खेळाच्या खात्यातून आकडा बघायची आणि कामाला लागायची. तिने घरी एक खेळ त्या म्हातारीला घेऊन बसवायचा म्हटलं, तर रुद्राणीने तिला अडवलं. दयेने कुणी घ्यावं, हे आईला आवडलं नसतं.

त्र्याऐंशीव्या दिवशी आकडा एक झाला. खाली एक मत आलं होतं.

‘एक तारा. काहीच घडलं नाही. म्हातारीने जेवायला घातलं. आमचे लोक जेवले, भांडी घासून ठेवली आणि पुढे गेले. वेळ वाया.’

रुद्राणीने ते तीनदा वाचलं. अमरेशही मागे येऊन उभा राहिला होता. “मनावर घेऊ नका मॅडम. असतात असले एकेक.”

“याची प्रिंट द्याल का काढून?”

“एक ताऱ्याची?”

“व्हय. तेवढीच.”

त्याने काढून दिली. तिने कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये किल्ली होती त्या पुडीत सरकवली.

नव्वदाव्या दिवशी यादीत सावित्रम्मा नव्हती. खालची ओळ वर सरकली होती, रिकामी जागासुद्धा राहिली नव्हती. त्या दिवसाची पंधरा माणसं रुद्राणीने वेळेत पुरी केली.

घरी आल्यावर ती स्टुलावर चढली आणि दाराची वरची कडी स्क्रू काढून उतरवली. लाकडात चार भोकं राहिली, ती तशीच राहू दिली. चार भाकऱ्या टाकल्या आणि दार उघडं ठेवून आत बसली. दिवेलागण झाली, गल्लीतून बरीच माणसं येत-जात होती. कुणी आलं नाही.