धूर की वाफ

दीपिकाला मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा ती बोरीच्या शिवारात, सोयाबीन निघालेल्या एका मोकळ्या रानात बापाच्या मेंढरांना पाणी दाखवत होती. मेल तिने दोनदा वाचला, मग फोन ओढणीला पुसला आणि मोठ्याने सांगितलं, की माल वाहणाऱ्या विमान कंपनीने पायलटच्या जागेसाठी हैदराबादला बोलावलंय.

"माल म्हंजे?" तिच्या बापाने, बिरदेवने विचारलं. "मानसं न्हाईत?"

"न्हाईत आबा. पुढं दोघं पायलट, मागं नुसता माल."

"कशाचा?"

"औषधं, मोबाइल, गाड्यांचे पार्ट, फुलं. कधीमधी जनावरंबी."

बिरदेव बादली उचलायला वाकला होता, तो तसाच वाकलेला राहिला. "कोंची जनावरं?"

"घोडे असतेत. मेंढरं असतेत. आखाती देशात जातेत इमानानं."

बिरदेवने बादली उचलली. पण दिवसभर तो मेंढरांकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होता, हे दीपिकाच्या ध्यानात आलं.

धनगराची ही पोर शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकली होती. लायसन हातात पडून तीन वर्षं झाली होती. दोन कंपन्यांनी तिला मुलाखत घेऊन परत पाठवलं होतं आणि सध्या ती परभणीत खोली करून अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवत होती. सुट्टी मिळाली की आईबाप जिथे मेंढरं घेऊन बसले असतील तिथे जायची. तिथे कुणी तिला 'पुढे काय' असं विचारत नसे. बिरदेव विचारायचा ते वेगळंच. ढगात शिरल्यावर काचेला पाणी लागतं का, वर गेल्यावर कान दुखतात तर घारीचे का दुखत नाहीत, असलं काहीबाही. त्याला उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न तयार असे.

मुलाखतीला तीन आठवडे होते. दीपिकाने पुस्तकं बाहेर काढली. तिच्याबरोबर शिकलेली सृष्टी नावाची मैत्रीण याच कंपनीत मागच्या वर्षी मुलाखत देऊन आली होती. तिला दीपिकाने फोन लावला.

"टेक्निकल तुला येईल गं," सृष्टी म्हणाली. "मी अडकले ते एका साध्या प्रश्नावर. मागे जनावरं आहेत आणि आगीचा इशारा वाजला, तर काय करशील?"

"आगीचं जे करायचं ते."

"तेच तर. जनावरांच्या श्वासाची वाफ इतकी होते, की धूर ओळखणारं यंत्र कधी कधी फसतं. मग ती आग आहे की वाफ? मी म्हणाले, आधी खात्री करीन. तिथेच मेले मी."

त्या संध्याकाळी आईने, दैवशालाने तीन दगडांवर चहा ठेवला होता. दीपिकाने सगळं आईबापाला समजावून सांगितलं. मालाच्या विमानात आग विझवायला कुणी मागे जात नाही. वरच्या वर विमानातली हवा बाहेर सोडून देतात. हवा विरळ झाली की आग दबते. पायलट तोंडाला ऑक्सिजनची नळी लावतात आणि जवळच्या विमानतळावर उतरतात.

"आन मेंढरं?" बिरदेवने विचारलं.

"त्यांना कुठली नळी, आबा."

"न्हाई, मी काय म्हनतो," बिरदेव म्हणाला, "आग आसंल तर गोष्ट येगळी. पर नुसती वाफच आसंल तर? नुसतं दम टाकायलेत बिचारे, आन तुमी त्यांची हवा काढनार?"

"वाफ हाय का आग हाय, ते पुढं बसून कळत न्हाई ना आबा."

"कामून कळत न्हाई?"

ह्या 'कामून'ने दीपिकाला पुस्तक पुन्हा उघडायला लावलं. पुस्तकात होतं ते एवढंच, की इशारा खरा धरावा. पण मेंढरांच्या श्वासाने खरंच ते यंत्र वाजतं का, किती वेळात वाजतं, वाफ दिसते कशी, हे तिने कुठे पाहिलं होतं? रात्री अंथरुणात पडल्यावर तिला हसू आलं. जगात असे किती पायलट असतील, ज्यांना हे बघायला उठून दहा पावलंच जायचं आहे?

तिने धूर ओळखणारी एक डबी ऑनलाइन मागवली. घरात छताला लावतात तसली, पांढरी, वाटीएवढी. ती जिंतूरला येऊन पडली. आणायला सिद्धोधन गेला. सिद्धोधन गावातला पिकअपवाला. बाजारला शेरडं-मेंढरं न्यायची तर बिरदेव त्यालाच सांगायचा. डबी कशासाठी, हे ऐकल्यावर तो म्हणाला, "मंग माझीच गाडी घ्या की मामा! ताडपत्री बांधली की झालं इमान."

रविवारी सकाळी गारठा होता. पिकअपचा मागचा हौदा चारी बाजूंनी ताडपत्रीने बांधला, पुढच्या जाळीच्या फटीत गोणपाट कोंबलं. दीपिकाने डबी वरच्या दांडीला बांधली, खाली थर्मामीटर लटकवला. आत अंधार होणार, आकडा दिसायचा कसा? सिद्धोधनने जुन्या हेडलाइटचा बल्ब काढून बॅटरीला जोडला आणि जाळीपाशी अडकवला. ताडपत्रीला मागून बोटभर फट ठेवली, डोळा लावून बघायला. मग वीस-बावीस मेंढरं चढवली. त्यांनी कुरकुर केली, पण बाजाराच्या सवयीची होती, एकमेकांना चिकटून उभी राहिली.

"काय सोंग हाय हे," दैवशाला म्हणाली. "मुक्या जनावराला कोंडून कसली परीक्षा?"

"थोडा वेळच माय," दीपिका म्हणाली. "जराबी कुनाला धाप लागली की सोडू."

आणि तिने फटीला डोळा लावला.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत पहिल्यांदाच ती मुलाखत विसरली होती. पारा चढत होता. ताडपत्रीच्या आतून थेंब धरायला लागले होते. मेंढरांच्या नाकातून निघालेला दम बल्बच्या उजेडात सरळ दिसत होता, एकाचा दुसऱ्यात मिसळत होता. ती बघेल ते मोठ्याने सांगायची आणि बिरदेव तिच्या खांद्यावरून मान लांब करून म्हणायचा, "मला बघू दे जरा. सरक की."

"आबा, थेंब पडायलेत बघ वरून!"

"आन वास? तुमच्या त्या यंत्राला वास येतो का?"

"वास न्हाई. बारीक कण दिसतेत त्याला. धुराचे काय, वाफेचे काय."

डबी गप्प होती. सिद्धोधन कंटाळून टपावर चढून बसला. पारा आणखी चढला. पांढरं धुकं दाट व्हायला लागलं, आता पलीकडची जाळी दिसेना. आणि अचानक डबी किंचाळली.

"वाजली!" सिद्धोधनने टपावरून उडी टाकली. "मामा, वाजली!"

बिरदेव पोरासारखा हसला. "बघ! नुसत्या दमावर वाजली!"

दीपिकाने फटीतून पाहिलं. आत सगळं पांढरं. हीच ती वाफ. सृष्टीला आता काय काय सांगता येईल, मुलाखतीत कसं बोलता येईल, सगळं तिच्या डोक्यात एकदम धावायला लागलं. आकडा वाचायला तिने डोळा आणखी जवळ नेला. मेंढरं ओरडत होती. आवाजाने घाबरली असणार. डबी वाजतच होती.

"सोडायचं का?" बिरदेवने विचारलं.

"थांब जरा. पारा दिसू दे."

मग तिला ते धुकं हललेलं दिसलं. मेंढरांच्या नाकापासून वर जायला हवं होतं. हे जाळीकडून येत होतं, वरून खाली.

"सोडा!" ती ओरडली. "ताडपत्री सोडा, जल्दी!"

दोरीच्या गाठी सुटेनात. बिरदेवने विळ्याने दोर कापला. मागची फळी पडली तशी मेंढरं एकमेकांच्या अंगावरून बाहेर कोसळली आणि त्यांच्यामागून धुराचा लोट आला, गोणपाट जळाल्याचा, डोळ्यांत झोंबणारा. बल्ब तापून गोणपाटाला चिकटला होता. ज्वाळा नव्हती, पण अर्धं गोणपाट काळं होऊन आतून लाल धुमसत होतं. सिद्धोधनने वायर उपटली आणि मेंढरांसाठी ठेवलेली पाण्याची बादली ओतली.

मेंढरं थेट शेजारच्या हरभऱ्यात शिरली होती. दैवशाला शिव्या देत त्यांच्या मागे धावली. त्या शिव्या मेंढरांना नव्हत्या, हे तिघांनाही समजलं. हरभऱ्याचा मालक परमेश्वर भांडायला म्हणून आला, पिकअपमधला धूर बघून थबकला आणि शेवटी एक कोकरू उचलून बाहेर काढू लागला.

सगळी मेंढरं मोजली, एकही कमी नव्हतं. दोन-तीन मेंढ्या खोकत होत्या, दुपारपर्यंत त्याही चरायला लागल्या. दीपिका मात्र बांधावर बसून होती.

बिरदेव शेजारी येऊन बसला.

"मलाबी वाफच वाटली गं," तो म्हणाला.

"तू विचारलं होतंस, सोडायचं का म्हून. मी थांब म्हनले."

"व्हय. म्हनलीस." त्याने ते नाकारलं नाही. मग समोर बघत म्हणाला, "त्या इमानात वाजलं ना, तर तू हवा काढायची. म्या परवा बोललो ते सोडून दे. मागं मेंढरं हायेत का काय हाये, बघत बसू नको. वर तुला फळी पाडायला कोन येनार हाय?"

हैदराबादच्या मुलाखतीत दोघंजण होते. एक पांढऱ्या मिशांचे कॅप्टन आणि एक कंपनीच्या अधिकारी बाई. बोलणं सगळं इंग्रजीतून. तासभर विमानाचं वजन, धावपट्टीची लांबी, वादळ, इंजिन असं चाललं. एका प्रश्नाला दीपिकाने 'माहीत नाही' म्हणून सांगितलं, एकाचं उत्तर चुकलं ते नंतर तिच्या लक्षात आलं. मग कॅप्टन खुर्चीत मागे रेलले.

"मागच्या मालात आगीचा इशारा. ह्याच विमानात ह्या आठवड्यात दोनदा खोटा वाजलाय. काय कराल?"

"आग आहे असंच धरीन." तिने पायऱ्या सांगितल्या. ऑक्सिजनचा मास्क, हवा सोडणं, खाली येणं, जवळचा विमानतळ.

"सगळे असंच सांगतात," कॅप्टन म्हणाले. "आणि शंका? ती येणारच नाही तुम्हाला?"

"येईल, सर. मला आली होती."

आणि तिने पिकअपची गोष्ट सांगितली. बाईंनी लिहिणं थांबवलं. मेंढरं हरभऱ्यात शिरली तिथे त्या हसल्या, पण कॅप्टन हसले नाहीत.

"किती वेळ थांबलात?"

"सांगता येणार नाही. पण थांबले."

"का?"

दीपिकाने विचार केला. "मला ती वाफच असायला हवी होती, सर. मी तिच्यासाठीच एवढं सगळं मांडलं होतं. म्हणून समोर धूर दिसत असताना मी वाफच बघत होते."

कॅप्टननी मान हलवली. त्याचा अर्थ तिला लागला नाही. उठायच्या वेळी बाईंनी विचारलं, "तुम्हाला आमच्याकडून काही जाणून घ्यायचंय?"

प्रशिक्षणाविषयी, ड्युटीच्या वेळांविषयी तिने चांगले दोन-तीन प्रश्न पाठ केले होते. तोंडातून निघालं ते भलतंच. "जनावरं नेतात तेव्हा त्यांच्यासोबत कुणी असतं का?"

"असतं की," कॅप्टन आता पहिल्यांदा मोकळे झाले. "जनावरांचं कळणारा माणूस असतो. आमच्या मागच्या सीटवर बसतो. मधूनमधून मागे जाऊन बघून येतो. एकदा घोड्यांबरोबर एक म्हातारे होते. पूर्ण प्रवासात आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत, घोड्यांशी मात्र अखंड बोलत होते."

मेल आला तोवर बिरदेवची मेंढरं चारठाण्याच्या बाजूला सरकली होती. दीपिका पुढच्या फेरीसाठी निवडली गेली होती. आता सिम्युलेटरवर परीक्षा होती. तिने ते आईबापाला समजावलं. जमिनीवरच एक खोटं विमान असतं, त्यात बसवतात आणि काय काय बिघाड करून बघतात.

"आगबी लावतेत?" दैवशालाने विचारलं.

"खोटी."

"तेवढं बरं हाय," दैवशाला म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. मग थापता थापता हात थांबवून म्हणाली, "हे झालं की नोकरी?"

"हे जमलं तर, माय. नक्की न्हाई."

बिरदेव लोकर कातरत होता. दीपिकाने त्याला त्या जनावरांबरोबर जाणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. मागच्या सीटवर बसतो, विमान उडत असतानाच उठून मागे जातो, जनावरांशी बोलतो. कात्री थांबली. मेंढी पायांत धरलेली तशीच होती, अर्धी कातरलेली.

"त्याला तिकीट लागत न्हाई?"

"न्हाई आबा. कामावर असतो तो."

बिरदेवने मेंढीच्या मानेवरची लोकर बोटांनी मोकळी केली. जरा वेळाने, मान वर न करताच त्याने विचारलं, "मंग त्या मानसाचा इंटरव्ह्यू कोन घेतंय?"