रद्द झाडांची पाकिटं

संशोधन केंद्रात तिच्या बाबांना सगळे रुमालसाहेब म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना राग येत नसे, उलट छाती जराशी फुगत असे. खिशात पांढऱ्या सुती कापडाचे इस्त्री केलेले चौकोन घेऊन ते घेवड्याच्या ओळींतून चालायचे, प्रत्येक झाडापुढे उकिडवे बसायचे, मधल्या फांदीचं पान तळहातावर धरायचे आणि त्यावरून कापड फिरवायचे. कापड पांढरं राहिलं तर झाड पास. करडा, पिवळट, कसलाही डाग उमटला की झाड रद्द. मग ते शेंगांनी वाकलेलं का असेना! ज्याचं पान मळकट त्याच्या पोटात रोग, असं त्यांचं म्हणणं. त्या काळी तसं बरेच जण मानायचे, पण त्यापायी तीस वर्षं गुडघे झिजवणारे हे एकटेच.

रद्द झाड उपटायचं काम तिचं होतं. शाळेला सुट्टी लागली की ती बाबांच्या मागून ओळीओळीनं चालायची. बाबांनी "ठमे, रद्द!" म्हटलं की दोन्ही हातांनी बुंधा धरायचा, ओढायचा, झाड बाजूला उताणं टाकायचं. मग डागाचं कापड कागदी पाकिटात घालून वर ओळ, झाड, तारीख आणि शेरा लिहायचा. अक्षर चांगलं म्हणून लिहिण्याचा मानही तिलाच. त्या सुट्ट्यांइतकं सुख तिला पुढे कधी मिळालं नाही, लग्नात नाही आणि पदवी हातात पडली तेव्हाही नाही.

असं निवडत निवडत सत्तावीस नंबरचा घेवडा तयार झाला. पान घासलेल्या ताटासारखं लख्ख. जो तो तोच पेरू लागला. मग एका सकाळी बाबांनी जुन्या वाणांचं बियाणं कपाटांतून काढून फेकायला लावलं. "कचऱ्यासाठी कपाटं कशाला अडवायची?" म्हणाले. संध्याकाळपर्यंत कपाटं रिकामी झाली.

आता ती सेहेचाळीस वर्षांची होती, त्याच केंद्रात होती आणि पानांवर राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करत होती. "बापानं डाग पुसले, लेक डाग मोजते," ही थट्टा चहाच्या वेळी ठरलेली असायची. तीन वर्षांपूर्वी करपा आला आणि थट्टा बंद पडली. सत्तावीसच्या पानावर टाचणीच्या टोपीएवढे तपकिरी ठिपके येत, आठवड्याभरात पान चुरगळून जाई, आणि शेंगा धरायच्या आत शेतच्या शेत उभ्यानं वाळे.

कारण सापडायला दोन वर्षं गेली. ती एकेक पान पोषक जेलीच्या बशीवर दाबून बघायची. रानघेवड्याचं पान दाबलं की दोन दिवसांत बशी गजबजून जायची. पिवळे, गुलाबी, करडे ठिपके, नुसती दाटी. सत्तावीसचं पान दाबलं की बशी कोरी. आपल्यावर कुणाला राहू द्यायचं हे पान स्वतःच ठरवतं, कुणाला थोडी साखर झिरपवतं, कुणाला उपाशी ठेवतं. हे ठरवणारं एक जनुक सत्तावीसमध्ये नव्हतंच. ते आपोआप गेलं नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या वेचून काढून टाकलं होतं. रुमालावर जे डाग म्हणून उमटायचं तेच करप्याला पानाजवळ फिरकू देत नव्हतं. हे कळलं त्या दुपारी ती प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिली. तिला ते हात बघवेनात.

रानघेवड्याची शेंग कडू. त्याच्याशी संकर करून खाण्यासारखी शेंग आणायची तर पंधरा वर्षं हवीत, आणि करपा कसला थांबतोय. जुन्या बियाण्यासाठी तिनं एकोणीस ठिकाणी पत्रं लिहिली. अठरा ठिकाणांहून सत्तावीस नाहीतर त्याचीच पिल्लं आली. एका ठिकाणाहून खरोखर जुनं बी आलं, अकरा दाणे. ओल्या कापसात ठेवून तिनं ते डोळ्यांत तेल घालून राखले. अकराच्या अकरा कुजले.

"पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबते," संचालकबाई म्हणाल्या. "मग सत्तावीस मागे घ्यायचा. असेल तिथं उपटून जाळायचा, एक झाड ठेवायचं नाही. माझाही जीव तुटतो गं, पण उद्या हा रोग दुसऱ्या पिकांत शिरला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

त्या रविवारी तिला पाकिटं आठवली.

ती बाबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती, बिस्किटांच्या चार पत्र्याच्या डब्यांत. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसून बघत होते. ब्याऐंशीचे झाले होते, पाय गेले होते, डोकं मात्र नको तितकं शाबूत.

"काय उकरतेयस?"

"जुन्या नोंदी बघतेय, बाबा."

"बघ, बघ. आणि नोंद कशी ठेवतात ते तुमच्या त्या पोराटोरांनाही दाखव. करपा का आला सांगू? तुम्ही पुसणं सोडलंत. एवढंसं काम, पण गुडघे दुखतात ना तुमचे!"

तिनं पहिला डबा उघडला. वरच्याच पाकिटावर लिहिलं होतं, ओळ चौदा, झाड नऊ, रद्द. गोल, टपोरं, बक्षीस मिळण्यासारखं अक्षर. तिचंच.

दोनशे सहा पाकिटांतल्या कापडांचे तुकडे तिनं भिजत घातले आणि ते पाणी बशांवर पसरलं. दोनशे तीन बशा कोऱ्या राहिल्या. तीन बशांवर ठिपके उगवले. पस्तीस वर्षं डब्यात निपचित पडून राहिलेले जीव, पाणी दिसताच उठून बसले! त्यांतल्या एका गुलाबी ठिपक्याशेजारी तिनं करप्याची बुरशी सोडली, तर ती बोटभर अलीकडेच थांबली. ती बशी घेऊन ती संचालकबाईंच्या खोलीत धावतच गेली, दार वाजवायचंही तिला सुचलं नाही. दोघी बायका त्या बशीकडे बघत बराच वेळ हसत होत्या.

काचगृहातल्या सत्तावीसच्या चाळीस कुंड्यांवर तिनं ते जीव फवारले. एक्केचाळिसावी कुंडीही तशीच फवारून घरी आणली आणि बाबांच्या खिडकीत ठेवली. एक झाड डोळ्यांपुढे हवं म्हणून ते महिनाभर मागे लागले होते. आणि तिच्या मनात चोर होताच. झालेलं निस्तरण्यात त्यांचाही थोडा हात लागावा, आणि ते त्यांना कधी कळूच नये, असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हाक आली.

"ठमे! हे काय आणलंस? रद्द!"

कापडावर करडा डाग होता, चांगला पेराएवढा. तिला इतका आनंद झाला की तोंड फिरवून पडदा सारखा करायचं नाटक करावं लागलं.

"राहू द्या हो चार दिवस."

"असलं झाड मी राहू देत नसतो."

"माझ्यासाठी, बाबा."

ते धुसफुसले. "बरं. पण रोज पुसणार. बघतोच कसं सुधारत नाही ते."

चौथ्या दिवशी काचगृहातल्या पानांच्या बशा भरलेल्या होत्या. आठव्या दिवशी अर्ध्या. बाराव्या दिवशी प्रत्येक बशीवर मोजके सात-आठ ठिपके. तिथं कुणी पुसत नव्हतं की हात लावत नव्हतं. पान त्यांना हाकलतही नव्हतं, नुसतं खायला देत नव्हतं. घरात चूल पेटत नाही म्हटल्यावर पाहुणे किती दिवस राहणार? तिनं पुन्हा फवारलं, आणखी एकदा फवारलं. अठराव्या दिवशी चाळीस बशा कोऱ्या होत्या. तरीही तिनं काचगृहात करपा सोडला, कारण माणूस शेवटपर्यंत वेडी आशा करतो. पाच दिवसांत चाळीसही कुंड्यांवर ठिपके आले.

महिनाअखेरीला दुपारी संचालकबाईंनी झाडं उपटण्याचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं सही केली.

घरी आली तेव्हा बाबा तिची वाटच बघत होते. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहरा नुसता उजळलेला.

"ये, बस इथं. हे बघ." त्यांनी कापड उलगडून दाखवलं. पांढरं शुभ्र. "पहिल्या दिवशी काय घाण होती, आठवतं? चोवीस दिवस पुसलं. मी म्हणत नव्हतो? जा, सांग तुमच्या बाईंना, रुमालसाहेबांनी खुर्चीत बसून करपा घालवला!"

तिनं झाडाकडे पाहिलं. मधल्या फांदीच्या पानामागे, शिरेलगत, तीन तपकिरी ठिपके होते. बाबांच्या डोळ्यांना ते दिसण्यासारखे नव्हते.

सांगावं, असं तिला कळकळून वाटलं. एकटीनं किती दिवस वाहायचं हे? तीस वर्षं त्यांनी पुसलं, तिनं उपटलं, मग अर्धं दुःख त्यांच्या वाट्याचं नाही का? तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी कापडाची घडी घातली, अगदी पूर्वीसारखी, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि तिच्यापुढे धरली.

"पाकीट घे. तारीख घाल. अक्षर नीट काढ हं."

तिनं पाकीट घेतलं. तारीख घातली.

"शेरा?" तिनं विचारलं.

"पास," बाबा म्हणाले.

तिनं 'पास' लिहिलं.

"आणि याचं बी धरून ठेव, ठमे. असं झाड पुन्हा मिळायचं नाही."

"नाही मिळायचं, बाबा," ती म्हणाली.

थोड्या वेळानं त्यांची मान कलली, त्यांना डुलकी लागली. मग तिनं कुंडी उचलून मागच्या अंगणात नेली, खाली उकिडवी बसली, दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि ओढला. मुळासकट आलं. तिचा हात अजून तसाच बसत होता.