चुलीमागची भिंत

दादा गेला, त्याच्या घराचं संग्रहालय झालं, आणि चाळीस वर्षं ज्या घरात तिने चूल फुंकली, त्याच घरात ती फुकट आत येणारी पाहुणी झाली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. मोठा लेखक. दोघांचीही लग्नं राहिली ती राहिलीच. त्याने लिहायचं, हिने रांधायचं, अशी सरळ वाटणी. आता मागची खोली तेवढी तिला ठेवली होती.

पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत चपला होत्या. "अहो साहेब, त्या दूधवाल्याच्या आहेत," तिने व्यवस्थापकाला सांगितलं होतं.

"आजी, नोंद झालीय आता."

"मग दूधवाल्यालाच लेखक करा!"

चपलांचं तिला हसू यायचं. भिंतीचं मात्र नाही.

शेवटच्या आजारात दादाला जिना चढवेना. तो चुलीजवळ स्टुलावर बसायचा. एका दुपारी त्याने चुलीमागच्या काळ्या भिंतीवर पेन्सिलीचं टोक घासून घासून आठ-दहा ओळी लिहिल्या. ती भांडी घासत होती. करवादलीच, "वह्या काय संपल्या गावातल्या?"

"तुझ्यासाठीच आहे," तो म्हणाला. "वाच सावकाश. घाई नाही."

चौथ्या दिवशी तो गेला. त्या भिंतीकडे बघायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून तिने पुढे सूप टांगून ठेवलं. वाचू, जरा मन थाऱ्यावर आलं की वाचू. मग पत्र आलं, की संग्रहालयासाठी मोठी मंडळी घर पाहायला येणार. घरी माणसं येणार म्हटल्यावर कोणती बाई घर तसंच ठेवेल? तिने चुना लावणाऱ्याला बोलावलं. ती वरच्या खोलीत पुस्तकं झटकत होती. खालून त्याने विचारलं, "स्वयंपाकघर घेऊ का?" आणि कामाच्या नादात तिनेच ओरडून सांगितलं, "घे, ती काळी भिंत आधी घे!"

खाली आली तेव्हा भिंत पांढरीफेक होती. सूप नीट पुसून कोपऱ्यात ठेवलेलं.

पाच वर्षं ती हे कोणाला बोलली नाही. शेवटी बोलली, तेव्हा व्यवस्थापकाने शहरातून जुन्या भिंती दुरुस्त करणारी एक मुलगी आणवली. तिचं नाव हिने लगेच डॉक्टरीणबाई ठेवलं. डॉक्टरीणबाई तीन दिवस बारीक पातं घेऊन उकिडवी बसली होती, आणि ही दोरीपलीकडे त्याच स्टुलावर.

"आजी, साधारण काय लिहिलं होतं?" व्यवस्थापकाने विचारलं. "कादंबरीचा शेवट वगैरे?"

"वाचलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई थांबली. "आजी, इकडे या."

चुन्याला नखाएवढी खिडकी पडली होती. आत काळ्यावर चकाकतं अक्षर. दादाचंच. 'चिमे,' आणि पुढे 'तू'. जन्मभर तो तिला चिमेच म्हणायचा, आणि तिथून पुढे नेहमी काहीतरी कामच सांगायचा.

"पुढे?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाईने पुढचा पापुद्रा अलगद उचलला. त्याची पूड झाली. खाली नुसती काजळी.

"पेन्सिल चुन्याला चिकटलीय, आजी. चुना निघतो तेव्हा अक्षरही निघतं. एक शब्द गेला बघा."

"कोणता?"

"कसं सांगू? दिसलाच नाही."

व्यवस्थापक म्हणाला, "मग हात लावू नका. दोन शब्द मिळाले, त्यांवर काच बसवू. पुढेमागे नवं तंत्र निघेल, दहा-वीस वर्षांत."

"मी ब्याऐंशीची आहे हो," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईने पातं फडक्यात गुंडाळलं. "तुम्ही सांगाल तसं करते, आजी. खरवडू?"

खरवडलं तर अक्षर जाईल. नाही खरवडलं तर वाचायच्या आधी तीच जाईल. तिने भिंतीकडे हात नेला, आणि तिथे आपला हात लागू नये म्हणून तसाच मागे घेतला.

"खरवडू का, आजी?"

बाहेर पाहुण्यांची पुढची तुकडी दाराशी येऊन उभी होती. व्यवस्थापकाने त्यांना जरा थांबायला सांगितलं. ती पुन्हा स्टुलावर बसली. तिला हो म्हणता येईना, आणि नाहीही म्हणता येईना.