केसरने कडी कुणासाठी काढावी

१९९३ च्या श्रावणात मला पुण्याहून एक पत्र आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. सातपूरच्या एका कारखान्यात जन्मभर मी आवक-जावक टपाल सांभाळलं. साहेबांच्या पत्रांना त्याच दिवशी पोच जायची. माझ्या स्वतःच्या नावाने आयुष्यात एक पत्र आलं, ते मी कपाटात कानटोपीखाली ठेवून दिलं.

पत्र तेजस्विनीबाईंचं होतं. त्या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या. गड, वेढे, तलवारी आणि या सगळ्याच्या मधोमध एक प्रेम. त्यांची 'बुरुजावरची केसर' मी वाचनालयातून आणली आणि रविवारी सकाळी उघडली ती दिवेलागणीला मिटली. जेवताना मी आमटीऐवजी पाण्याच्या तांब्यात भाकरी कुस्करली, असं माझी बायको सगुणा अजून सगळ्यांना सांगते. दुसऱ्या दिवशी बाईंना कार्ड टाकलं, "आपली कादंबरी फार आवडली. केसरचं पुढे काय झालं?" एवढंच. त्यावर त्यांचं पत्र आलं. "दुसऱ्या भागाला बसले आहे, पण अडले आहे. केसर कडी कुणासाठी काढेल, तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणाने कळवा."

मला! माझं मत घरात भाजीलासुद्धा कुणी विचारत नाही.

गोष्ट अशी होती. केसर ही किल्लेदाराची मुलगी. गडाला वेढा पडलेला. महादरवाजाबाहेर सरदार हैबतराव, काळ्या घोड्यावर. त्याच्या मिशांचं वर्णनच पानभर. चोरवाटेच्या दिंडी दरवाजाबाहेर दर्यासिंग, शत्रूच्या गोटातला, देखणा, दोहे म्हणणारा, तिच्यासाठी आपलं सैन्य सोडून आलेला. आणि दफ्तरखान्याच्या दाराबाहेर त्र्यंबक कारकून. हा केसरची पत्रं लिहून द्यायचा आणि अख्ख्या कादंबरीत जेमतेम चार वाक्यं बोलायचा. शेवटच्या पानावर केसर दिवटी घेऊन चौकात येते, तीन दारांपैकी एकाची कडी काढते आणि कादंबरी संपते. कोणत्या दाराची, ते बाईंनी लिहिलंच नाही.

मी उत्तर लिहायला घेतलं नाही असं नाही. पुष्कळ लिहिली, फाडली. माझं मत नव्हतं म्हणून नाही. मत होतं, आणि तेच सांगायची लाज वाटत होती. दुसरा भाग काही आला नाही. माझ्यामुळे अडला असेल असं वाटायला लागलं, की लगेच वाटायचं, पुंजाराम, तू कोण लागून गेलास?

पण वाचन सुटलं नाही. या कादंबऱ्यांत घोडा दमत नाही. नायिका रात्रभर दरीत भिजते आणि सकाळी तिला शिंकसुद्धा येत नाही. दोन माणसं एकमेकांकडे पाहतात आणि पुढची दोन पानं त्या पाहण्यातच जातात. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचो. कुणी विचारलं तर "इतिहास आहे" म्हणायचो. कानांच्या पाळ्या मात्र लाल व्हायच्या. साठी उलटली, तरी होतात.

निवृत्त झाल्यावर आम्ही मखमलाबादच्या मळ्यातच राहायला लागलो. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. लग्नसराईत पत्र्याच्या शेडमध्ये आजूबाजूच्या बायका हार ओवायला बसतात, सगुणा आणि आमची सून प्रतिभा त्यांच्यात. दोन वर्षांपूर्वी शेडमधला रेडिओ बंद पडला. तेव्हा प्रतिभा म्हणाली, "आबा, तुम्ही कव्हर घालून काय वाचता ते मला माहिती आहे. मोठ्याने वाचा ना." मला दरदरून घाम फुटला. पहिलं पान मी फुलांच्या क्रेटकडे तोंड करून वाचलं. दुसऱ्या आठवड्यात घोड्यांच्या टापांचा आवाज तोंडाने काढायला लागलो.

त्यात एक गोष्ट ध्यानात आली. लढाई लागली की सुया सपासप चालतात. दरबारातली मसलत असली की त्याहून जास्त, कारण कुणी ऐकतच नाही. पण केसरचा पदर बोरीच्या काट्यात अडकला आणि हैबतराव तो सोडवायला वाकला, की सगळ्या सुया हवेत. म्हणून सगुणाने नियमच घालून दिला. मोठी ऑर्डर असेल त्या दिवशी फक्त लढाया वाचायच्या.

यंदाच्या वैशाखात एके दिवशी वरमालांची ऑर्डर होती. मी वेढ्याचं प्रकरण काढलं. वेढा म्हणजे लढाईच की! आता हेच शेवटचं प्रकरण, वेढा दोन पानांत संपतो आणि पुढे नुसती केसर आणि दिवटी, हे मला पाठ होतं. पण तिथे कधी एकदा पोचतो असं झालं होतं, काय करणार?

शेवटचं वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"पुढं?" सखुबाई म्हणाल्या. शेजारच्या मळ्यातल्या सखुबाई शेडमध्ये सगळ्यांत वडील, आणि आवाज त्याहून वडील.

"संपलं."

"संपलं कसं? कडी काढली ना तिनं?"

"काढली."

"मंग दार उघडलं आसंल की. कोणतं?"

"ते लिहिलेलं नाही."

"आबा, पान गळालं आसंल," त्यांच्यासमोर ओवायला बसलेली नवसाबाई म्हणाली आणि माझ्या हातातून पुस्तक घेऊन तिने ते उलटं धरून झटकलं. शेवंतीच्या दोन पाकळ्या पडल्या.

"यांना विचारा ना," सगुणा दोरा तोडता तोडता बोलून गेली. "त्या बाईंनी यांनाच पत्र घातलं होतं, कुणासाठी काढू म्हणून. यांनी उत्तरच धाडलं नाही."

शेडमध्ये जो गलका उठला, त्याने विहिरीवरचे पारवे उडाले.

"म्हंजी ती पोरगी इतकी वर्सं कडी धरून उभी हाय," सखुबाई ओरडल्या, "आन् तुमी हितं निवांत शेवंती निवडताय, पुंजाभाऊ?"

"बाई आता लिहीत असतील की नाही..." मी पुटपुटलो.

"लिहितात की! दिवाळी अंकात त्यांची गोष्ट होती, तुम्हीच मला दाखवली," प्रतिभा म्हणाली. "खाली पत्ताही होता. आज लिहा. बोला, केसर कुणाची?"

"हैबतरावाची!" सखुबाई. "घोडा हाय, मिश्या हायेत. आनखी काय पायजे?"

"मला दर्यासिंग," नवसाबाई लाजून म्हणाली. "गोड बोलतो ओ. आमच्याकडं जेवान झालं का, हे बी वसकून इचारत्यात."

"गोड बोलनारा उद्या दुसरीशी बी गोड बोलंल!"

"मिशीवाला तरी घरी थांबंल का? चालला लढाईला!"

"मी म्हणते कुणाचीच नको," प्रतिभा म्हणाली. "कडी परत लावायची आणि गड आपणच चालवायचा."

"आणि..." माझा आवाज मलाच ऐकू आला, "तो त्र्यंबक?"

"त्यो कारकून?" सखुबाईंनी सुईचा हात कपाळाला लावला. "तिनं दार उघडून म्हटलं, चल पळून जाऊ, तर त्यो म्हनंल, आधी अर्ज करा."

सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसलो, जरा उशिराने.

तेवढ्यात फुलबाजारात माल नेणारा भिकन टेम्पो घेऊन आला. "काकू, वरमाला झाल्या का?"

सखुबाई आणि नवसाबाई समोरासमोर बसून एकाच लांब दोऱ्यात ओवत होत्या, एकीची सुई या टोकाला, दुसरीची त्या टोकाला. ओवून झालं की मधोमध गाठी मारून दोरा कापायचा, म्हणजे दोन माळा होतात. पण दिवटी चौकात आली आणि दोघींचं भान सुटलं. गाठ नाही, कापणं नाही, दोन्हीकडून फुलं येऊन मध्ये भिडलेली. भिकनने एक टोक उचललं आणि चालत टेम्पोपर्यंत गेला, तरी दुसरं टोक शेडमध्येच.

"काकू, हा नवऱ्याला आहे का हत्तीला?"

"दोघांना एकदम घाल," सखुबाई म्हणाल्या. "पुन्हा सुटायला नको."

माळ कापून नीट होईपर्यंत भिकनला थांबणं आलं. मी सटकून हौदावर गेलो. पाठोपाठ सगुणा आली.

"रागावलात का?"

"छे."

"मग त्या कारकुनावर हसल्या तेव्हा तोंड का पडलं?"

मी म्हणालो, "मला वाटतं केसरने दफ्तरखान्याचं दार उघडावं. पण हे लिहिलं तर बाई म्हणतील, हा स्वतःचंच घोडं पुढे दामटतोय. घोडासुद्धा नाही माझ्याकडे."

सगुणा हसायला लागली. पदर तोंडाला लावून, हौदाच्या काठाला धरून हसली.

"अहो, तुम्ही मला बघायला आलात तेव्हा तासभर बसलात आणि 'पाणी चांगलं आहे' एवढंच बोललात. आठवतं?"

"पाणी चांगलं होतं."

"तुमच्याआधी दोघे येऊन गेले होते. एकाची जमीन, एकाची बुलेट. काय बोलत होते दोघे! ऐकून ऐकून माझं डोकं दुखलं. दादांनी विचारलं, तर मी म्हटलं, तो पाणीवाला." तिने माझा सदरा खांद्यावर झटकला. "सखुबाईंना काय कळतंय? कडी मी काढलेली आहे. तुम्ही लिहा."

माझ्या कानांच्या पाळ्या पेटल्या. या वयात माणसाने उडी मारू नये, पण घरात जाताना मी उंबऱ्यावरून मारली.

आंतर्देशीय पत्र काढलं आणि एका दमात लिहिलं, कच्चं न करता. "केसरने दफ्तरखान्याची कडी काढावी, असं मला वाटतं. त्र्यंबक बोलत नाही हे खरं. पण तिची सगळी पत्रं त्याने लिहिली आहेत. तिच्या मनातलं तिच्या तोंडून निघायच्या आधी त्याला ठाऊक असतं, आणि इतकं ठाऊक असून त्याने एकदाही त्याचा फायदा घेतला नाही. उशिराबद्दल माफी असावी." शेडमधल्या बायकांचा मान म्हणून खाली जोडलं, "इथे हैबतराव आणि दर्यासिंग यांच्याही बाजूने एकेक मत आहे. एक मत गड स्वतः चालवण्याचं आहे. ते मला आता बरंचसं पटतं. कारकून त्याला आड येणार नाही."

भिकन हॉर्न वाजवत होता. पत्र डिंकाने चिकटवेपर्यंत सखुबाई दारात.

"कोनाचं नाव घातलं?"

"छापून आल्यावर वाचून दाखवीन."

"मेलं, या मानसाला आज वाचा फुटली आन् सांगत नाय!"

मी टेम्पोत भिकनच्या शेजारी बसलो. मागे वरमाला, आता नीट दोन. फुलबाजाराच्या अलीकडे लाल पेटी दिसली तसं मी त्याला थांबवलं. उतरलो. पत्र पेटीच्या तोंडात घातलं आणि हात तिथेच राहिला. मला वाटलं, एकदा शेवटची ओळ बदलावी.

"टाका की, आबा," भिकन म्हणाला. "तिकडे नवरा-नवरी नुसतेच उभे असतील."

मी बोटं सोडली.