मेलूरचा गळपट्टा

"बुसू, खुशाल जा," झुरिनानं सकाळी नऊला त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. "कळप रात्री एकला सातव्या कॅमेऱ्यापाशी होता. एव्हाना पार तळ्यापलीकडे गेला असेल."

"तू म्हणतेस म्हणजे गेलाच," बुसू म्हणाले. "माझे कान करवतीनं खाल्ले. आता तुझा नकाशा हेच माझे कान."

बुसू म्हणजे तिचे सगळ्यात धाकटे मामा. वीस वर्षं जंगलात यांत्रिक करवत चालवून त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी भाची पीएच.डी.साठी हत्ती मोजायला किनाबातांगान नदीच्या काठी परत आली, तेव्हा आपण होऊन तिच्या सोबतीला आले. झाडांना बांधलेल्या सात कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या तेच बदलत. पहिल्यापाशी होडी लावून सातव्यापर्यंत पायी जायचं, अडीच तासांचं काम. होडी घेऊन ते गेले.

मेलूर ही कळपाची म्होरकी. तिच्या गळ्यात परवाच नवा गळपट्टा चढवला होता, दर तासाला ती कुठं आहे ते सांगणारा, आणि त्याचा नकाशा झुरिनानं आज पहिल्यांदा उघडला होता. शेवटचा ठिपका एकचा होता. पुढचे नव्हते, पण दाट झाडीखाली जुना पट्टासुद्धा अर्धा अर्धा दिवस मुका व्हायचा. त्यात नवल काय?

दहा वाजता ती तळलेली केळी खात असताना नवा ठिपका पडला. दोनचा. उशिरा का होईना आला, म्हणून झुरिनाबाई खूशही झाल्या. अकराला आणखी एक पडला, तीनचा, जागेवरून न हललेला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा बरोब्बर अकरावर होता.

दहाला दोन, अकराला तीन. केळ्याचा घास तिच्या तोंडातच राहिला. तिनं पट्ट्याबरोबर आलेलं माहितीपत्रक उपसलं. चौथ्या पानावर लिहिलंच होतं की सगळ्या वेळा ग्रीनिचच्या. ग्रीनिच आपल्या आठ तास मागे, हे इथलं, सबाह राज्यातलं, शाळकरी पोरही सांगेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही खोटं नाही. म्हणजे तो एकचा ठिपका रात्रीचा नव्हताच, तो आज सकाळी नऊचा होता. कळप कुठंही गेला नव्हता. या घटकेला तो सातव्या कॅमेऱ्यापाशी उभा होता, आणि बुसू आणखी अर्ध्या तासात तिथं पोचणार होते.

मेलूरच्या पायाशी दोन महिन्यांचं पिल्लू होतं. गेल्या वर्षी तेलताडाच्या मळ्यातला एक मजूर अशाच लेकुरवाळीच्या वाटेत आला होता, आणि त्याचं जे काही उरलं ते झुरिनानं डोळ्यांनी पाहिलं होतं. बुसूंकडे फोन होता, पण आत जंगलात फोन असून नसून सारखाच.

धक्क्यावर अस्निहमामी मासे साफ करत होत्या.

"अगं, कुठं निघालीस वाऱ्यासारखी?"

"बुसू एक बॅटरी विसरलेत, मामी."

"विसरणारच! परवा चप्पल घालायची विसरले. हा भात घेऊन जा, भुकेले असतील."

केळीच्या पानातली ती गरम पुडी तिनं घेतली. खरं सांगायला तोंडच उघडेना. शेजाऱ्याची होडी सोडून ती निघाली, आणि वाटभर तिला फक्त त्या मजुराचा एक बूट दिसत होता.

सातव्याच्या जवळ तिनं इंजिन बंद केलं आणि काठावर चढली. पायवाटेवर लीद होती. तिनं हात लावला. लीद गरम होती. तीन वर्षं हीच लीद मोजून तिनं तक्ते भरले होते. हाक मारावी तर कळप बिथरणार, आणि ज्याला मारायची त्याला ती ऐकूच जाणार नाही.

बुसू दिसले. झाडाशी गुडघ्यावर बसून कॅमेऱ्याची पेटी उघडत होते, पाठ जंगलाकडे. त्यांच्या मागे वीस पावलांवर गवत हललं आणि गवतातून मेलूर निघाली. गळ्यात झुरिनाचाच पट्टा होता.

हत्तिणीनं आधी झुरिनालाच पाहिलं. कान पसरले. पळायचं नसतं, हे ती गावोगाव सभा घेऊन सांगत असे, आणि आता पाय पळायलाच मागत होते. प्रबंधात मेलूरचं नाव 'प्रौढ मादी क्रमांक तीन' असं होतं. ते कुठल्या कुठं गेलं, आणि जंगलात हत्ती समोर आला की आई जसं म्हणायची तसं तोंडातून निघालं, "नेनेक, आजी, तुझी नात आलीय. वाट चुकलो गं. जाऊ दे आम्हांला."

मेलूर धावून आली. चार पावलं, पाच, आणि थांबली. पायाखालची माती हादरली तशी बुसूंनी मान वळवली. एका नजरेत सगळं समजून त्यांनी तळहात खाली दाबला: हलू नकोस. मग पेटी तिथंच टाकून, तोंड हत्तिणीकडे ठेवून, एकेक पाऊल मागे सरकत ते झुरिनापाशी आले. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. पिल्लानं आईच्या पायांमधून सोंड बाहेर काढली. मेलूरनं त्याला आत ढकललं, आणि बुसू नि झुरिना काठावरून खाली उतरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

पहिल्यापाशी लावलेली बुसूंची होडी मागे बांधून ते निघाले. झुरिना त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "चुकलं माझं, बुसू! वेळ चुकीची वाचली मी!"

बुसूंनी मान हलवली. "वास मला सहाव्यापाशीच आला होता," ते म्हणाले. "चिरडलेल्या गवताचा, त्यात दुधाचा. आख्ख्या जन्मात हा वास मी कधी चुकलो नाही."

"मग पुढं गेलात कशाला?"

"हत्ती नाहीत, असं तू म्हणालीस ना. म्हटलं, कान गेले, आता नाकही गेलं."

झुरिनाला रडू फुटलं. हत्तीण अंगावर आली तेव्हा आलं नव्हतं ते सगळं आता आलं. बुसूंनी भाताची पुडी सोडली, अर्धा भात तिच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः जेवायला लागले. धक्का दिसू लागला. मामी हात हलवत होत्या. त्यांना आता खरं सांगायचं होतं, आणि झुरिनाला होडी पुढं नेववेना.