तेवढं एक सोडून

"नाव?"

"मुंजाजी गहिनीनाथ शिंगाडे."

"गाव?"

"उमापूर. तालुका गेवराई, जिल्हा बीड."

"आज वार कोणता?"

"बुधवार."

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वीसपासून उलटे आकडे म्हणायला लावले. मुंजाजीनं तेही न अडखळता म्हणून दाखवले. मागं उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा, साखराबाईचा ऊर भरून आला. दोन वर्षांची मेहनत होती ती. मग डॉक्टर म्हणाले, काका ठणठणीत आहेत, हातपाय चालतात, डोकं चालतं, अपंगत्वाचा दाखला द्यायचा कशाचा? त्यांनी फाईल मिटली, तेव्हा कुठं बाईच्या ध्यानात आलं की आपण आपल्याच हातानं काय करून बसलो.

दाखला हवा होता उपचारासाठी. त्याच दवाखान्याच्या मागच्या इमारतीत डोक्याला मार बसलेल्यांना आठवायला, बोलायला, रागावर ताबा ठेवायला शिकवणारं केंद्र नुकतंच उघडलं होतं. दाखला असेल तर सगळं फुकट, वर एसटीची सवलत. नसेल तर दारातूनच माघारी.

दोन वर्षांपूर्वी चौसाळ्याजवळ मेंढरं हायवे पार करत असताना एका टेम्पोनं मुंजाजीला उडवलं होतं. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, त्यात खोट काढायला जागा नाही. कवटी उघडली, रक्त काढलं, टाके घातले आणि अठराव्या दिवशी घरी पाठवलं. कवटीला योजना होती. कवटीतल्या माणसाला नव्हती. टाके सुकले की माणूस बरा, असं कागदावर ठरलेलं. पुढं तो सदरा उलटा घालतो, भाकरी खाल्ल्याचं विसरून पुन्हा ताटावर बसतो, कुणी हटकलं तर काठी उगारतो, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

मग साखराबाईनंच शिकवायला घेतलं. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. मेंढरांमागं चालता चालता रोज तेच ते. कुठल्या गावचा बाजार, त्यावरून वार. रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीतून सकाळी एकेक मेंढरू बाहेर काढताना आकडे, सुलटे आणि उलटे. आणि नाव शिकवायचं तर नाव घ्यावं लागतं. लग्नात उखाण्यापुरतं घेतलेलं नवऱ्याचं नाव तिनं भर माळावर दिवसाला पन्नासदा घेतलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसू द्या, म्हणाली. ज्या कामाला मोठाल्या पदव्या लागतात, ते काम अडाणी म्हणवलेल्या या बाईनं उन्हातान्हात करून दाखवलं होतं. आणि त्याचं बक्षीस म्हणून आज तिच्यापुढं फाईल मिटली होती.

गावच्या विठ्ठलरावांनी तिला आधीच शहाणं करायचा प्रयत्न केला होता. पुढारी माणूस, दाखल्यांच्या सगळ्या वाटा त्यांना पाठ. "वैनी, आंगूळ घालू नका, लाळ गळू द्या, इचारलं तर बोलायचंच न्हाई," म्हणाले होते. त्यांच्या भाच्याला बहिरेपणाचा दाखला आहे आणि दोन घरांपलीकडची कुजबुज त्याला ऐकू येते. साखराबाईनं त्यांना एवढंच सांगितलं, की आमच्या मालकाचं सोंग करायचं न्हाई. सकाळी त्याला न्हाऊ घातलं, पांढरं धोतर नेसवलं, फेटा बांधला आणि घेऊन आली.

"मावशी, काकाला सरपंचकीला उभं करा की. दाखला कशाला मागता?" दारातला शिपाई पप्पू म्हणाला आणि त्यानं पुढच्याला हाक मारली.

साखराबाई हलली नाही.

"सायेब, मी जे शिकवलं तेच तुमी इचारलं."

"मग काय विचारू?"

तिनं मागं वळून बघितलं. ही गोष्ट तिनं दोन वर्षांत कुणाला सांगितली नव्हती, पोटच्या पोरालाही नाही. दार उघडं होतं. रांगेत केजची, गेवराईची माणसं, त्यातली दोघं तर उमापूरचीच. तिनं पदर नीट केला.

"मी कोन, ते इचारा."

डॉक्टरांनी विचारलं.

"साखराबाई," मुंजाजी लगेच म्हणाला. पप्पू फिसकन हसला.

"तुमच्या कोण लागतात?"

मुंजाजीनं तिच्याकडं बघितलं, परक्या बाईकडं भल्या माणसानं बघावं तसं, क्षणभर, आणि मान खाली घातली.

"लागत कोन न्हाईत. पर लई चांगल्या हायत. मला जेवू घालत्यात. त्येंच्या मालकानं त्येंना बोल लावू नये म्हनून मी बाहीर वसरीवर झोपतो."

पप्पूचं हसू तिथंच राहिलं. उमापूरच्या दोघांनी माना वळवल्या. डॉक्टरांनी फाईल पुन्हा उघडली.

"बाई, एवढं सगळं शिकवलंत. हे नाही शिकवलं?"

"वार शिकवता येतो सायेब. हे कसं शिकवू? मी तुमची बायकू, म्हना, मी तुमची बायकू, असं पाठ करून घेऊ व्हय?"

त्यानंतर मुंजाजीला दोन खोल्यांमधून फिरवलं. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी दीड तास चित्रं दाखवली, गोष्टी सांगितल्या आणि परत विचारल्या. दुपारी तीन वाजता दाखल्याची शिफारस झाली. डॉक्टर स्वतः कागद घेऊन बाहेर आले. आम्ही हातपाय बघतो, म्हणाले, चूक आमची झाली. पुढच्या बुधवारपासून काकांना केंद्रात घेऊन या. फोटो दाखवून घरची माणसं ओळखायलाही तिथं शिकवतात.

साखराबाईनं कागद कपाळाला लावला आणि फाईलमध्ये ठेवला.

"समदं शिकवा सायेब. तेवढं एक सोडून."

"का?"

"ते त्येंचं त्येंना आठवू द्या."

गेवराईच्या गाडीत तिघांचा बाक मिळाला. मुंजाजी खिडकीशी सरकला. धोतराचा सोगा आवरून घेतला आणि मध्ये एका माणसाची जागा सोडली, परक्या बाईशेजारी बसताना सोडतात तेवढी. साखराबाई कडेला बसली. वळणावर गाडी कलली की तिचं अंग त्याच्याकडं जायला बघे. तिनं पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि गेवराई येईपर्यंत सोडली नाही.