अमृतसरच्या विमानतळावर मी धरलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. पण नाक पुसायचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. खाडीत होडी घेऊन जाणारे कोळी कमरेला जो मोठा चौकटींचा रुमाल बांधतात, तो मी. नवा होतो तेव्हा माझा लाल रंग इतका भडक होता, की कोलशेतच्या धोंडीबाने मला पहिल्यांदा नेसलं आणि गल्लीतली पोरं वळून वळून बघत राहिली. मी खारं पाणी प्यायलो, ऊन खाल्लं, मऊ झालो. मग खाडीत मासळी कमी झाली, धोंडीबाने होडी विकली, पँट घालून तो वॉचमनच्या नोकरीला लागला आणि मी कपाटावर जाऊन पडलो. धूळ खात पडणं म्हणजे काय, ते मला विचारा.

धोंडीबाच्या बायकोने, नंदाने, मला तिथून काढलं. नंदा आणि तिची मैत्रीण सखुबाई ठाण्याच्या बाजारात शेजारी शेजारी मासळी विकतात. जी आधी पोचेल तिने दुसरीची जागा धरायची, असं त्यांचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं. बहुतेक नंदाच आधी पोचते. ती मला ओट्यावर पसरते आणि तेवढ्यावर अख्खा बाजार समजतो, की ही सखूची जागा. मला कुणी उचलत नाही, कुणी विचारतसुद्धा नाही. मी नुसता पडलेला असतो आणि तरी सगळे मला टरकून असतात. खोटं कशाला बोलू, मला याचा भारी माज होता.

गेल्या हिवाळ्यात दोघी पहिल्यांदाच विमानात बसल्या. डोंबिवलीच्या एका टूरबरोबर अमृतसरला गेल्या. मीही गेलो, नंदाच्या पिशवीत, सगळ्यात वर. पहिल्याच दिवशी त्यांना निशिगंधाताई भेटल्या. डोंबिवलीच्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच आलेल्या, बोलायला गोड. तिथल्या बाजारात त्यांनी एक फुलकारी घेतली, आणि माझं डोकंच फिरलं. फुलकारी म्हणजे रेशमी भरतकामाची ओढणी. गुलाबी, केशरी, हिरवी, सगळं एकदमच. जो तो तिला हात लावून बघायचा. सखुबाईसुद्धा. मला कुणी शेवटचं कौतुकाने हात लावून कधी बघितलं होतं, ते मला आठवेना.

परत निघायच्या सकाळी धुकं एवढं दाटलं, की काचेपलीकडची विमानं दिसेनात. आमचा टूर मॅनेजर विनीत पोपटी टोपी घालून आला आणि म्हणाला, फक्त एक तास. तास संपला की परत आला, फक्त एक तास. पुढे पुढे तो तोंड उघडायच्या आत आमच्यातले आजोबा लोकच त्याला ते वाक्य म्हणून दाखवायला लागले. सगळीच विमानं अडकलेली, त्यामुळे खुर्च्यांसाठी मारामार. नंदाने एका जाड खांबामागे दोन खुर्च्या पटकावल्या, एकीवर बसली आणि दुसरीवर मला पसरलं. सखुबाई निशिगंधाताईंबरोबर चहाला गेली होती, तिच्यासाठी.

ती आलीच नाही. खांबाच्या कडेने आम्हाला दिसलं, ती पलीकडच्या रांगेत निशिगंधाताईंशेजारी बसली होती. थंडीने कुडकुडत असावी, कारण तिच्या खांद्यावर ती फुलकारी होती. दोघी हसत होत्या. मित्रांनो, मी कापूस आहे, पण त्या क्षणी मी आतून पेटलो. आणि नंदा तर माझ्याहून जास्त. तिने तिकडे पाठच फिरवली.

इथे मला कुणी ओळखतही नव्हतं. एका गृहस्थांनी मला दोन बोटांनी उचललं, कुणाचा तरी विसरलाय म्हणाले आणि झाडूवाल्या बाईंच्या हातात दिलं. नंदा उठली आणि तिने मला हिसकावून घेतलं.

"ओ दादा, तो पडलेला नाय. ठेवलेला हाय."

त्यांना काही कळलं नाही, पण ते गेले. मग विनीत येऊन हळूच म्हणाला, की लोक ताटकळत उभे आहेत, कुणी येणार नसेल तर खुर्ची द्या. ती येणार आहे, एवढंच नंदा बोलली. दुपार झाली. ती माझी घडी घालत, उलगडत स्वतःशीच पुटपुटली, की सोमवारपासून सखूने आपली जागा आपण बघावी, बाजारात मी कुणासाठी रुमाल टाकणार नाय. आधी मला बरं वाटलं. म्हटलं, बस आता फुलकारी पांघरून. मग एकदम लक्षात आलं, की तसं झालं तर मी परत कपाटावर.

तेवढ्यात पायाला प्लास्टर बांधलेली एक मुलगी लंगडत आली. नंदाने मला उचललं आणि म्हणाली, "बस गो बाय." जागा गेली. आणि थोड्याच वेळात हातात चहाचे दोन कप घेऊन सखुबाई समोर उभी.

"इथं हायस व्हय गो? मी सगलीकरं शोधली तुला."

"जागा होती," नंदा तिच्याकडे न बघता म्हणाली. "आत्तापर्यंत होती. तू तिकरं रमलीस."

"मना कसा कलनार? खांबामागं बसलीस. हाक त मारायची."

"हाक कनाला? रुमाल टाकला होता ना."

"हा काय आपला बाजार हाय?"

मी समजत होतो, मी नुसता पडलो की जग समजतं.

सखुबाईने कप खाली ठेवले, नंदाच्या मांडीवरून मला ओढलं, चकचकीत लादीवर अंथरलं आणि बसली. शेजारची जागा हाताने थोपटली. मग नंदा गुडघे धरत खुर्चीवरून खाली उतरली आणि माझ्या दुसऱ्या अर्ध्यावर टेकली. चहा निवला होता, तरी दोघींनी प्यायला. मग सखुबाई म्हणाली, की ती मास्तरीणबाई एकटीच आहे, विमानाला घाबरते, सकाळपासून माझा हात सोडत नव्हती. "बोलव तिला. तूच बोलव."

नंदाने माझ्याकडे बघितलं. तिने मोठा श्वास घेतला आणि बाजारात गिऱ्हाईकाला घालतात तशी साद घातली.

"ओ निशिगंधाताई, या इकरं. जागा हाय."

अख्खं विमानतळ वळून बघायला लागलं. निशिगंधाताई धावतच आल्या, तिघी दाटीवाटीने बसल्या, आणि ती फुलकारी माझ्या काठावर येऊन पडली. मला ती अजूनही आवडत नाही. पण ऊबदार आहे, हे कबूल.

मित्रांनो, जुन्या कापडाचं पोतेरं करायची घाई करू नका; धुऊन, वाळवून बघा, त्याच्यात अजून पुष्कळ काम असतं. आणि कुणासाठी जागा धरलीत ना, तर त्याला तसं सांगा. ते आपोआप कळेल म्हणून रुसून बसू नका. जागा मी धरीन, वाटेल तेवढा वेळ धरीन. हाक मात्र तुम्हालाच मारावी लागेल.